धरमकाटा

इकडे वजनकाट्याला धरमकाटा म्हणतात.
भिंड रोडवर माझा आहे. माझा म्हणजे मालकाचा,
मी रात्रपाळीला बसतो.
ट्रक चढतो, आकडा नाचतो, थांबतो,
मी पावती फाडतो: भरलेला, रिकामा, निव्वळ.
गिट्टी, भुसा, मोरेन्याकडची मोहरी.
दहा किलोच्या खालचं आमच्या काट्याला कळत नाही.
तेवढी तर धूळच असते टायरांना.

तू अकराशे चाळीस ग्रॅम.

होळीच्या सुमारास येणार होतीस. पौषातच आलीस,
अशा धुक्यात, की पडावच्या पुलावर
मी अ‍ॅम्ब्युलन्समधून उतरून
टॉर्च घेऊन पुढे चालत होतो.

पेढे आणावेत की नाही, कोणी सांगेना.
समोरच्या तोमरांनी नुसता हात धरला,
अभिनंदन म्हणाले नाहीत, दुसरंही काही नाही.
निमिषने विचारलं, बाळ घरी का नाही आलं?
शलाका म्हणाली, ते अजून पोटातच आहे रे,
फक्त पोट काचेचं आहे.

त्या काचेच्या पोटात तुझ्या नाकाला नळी,
दर दोन तासांनी दोन मिली दूध.
शलाका रात्री तीनला उठून ते वाटीत पिळायची
आणि तळसुद्धा झाकला नाही म्हणून
वाटीवरच चिडायची.

एकदा ऐंशी ग्रॅम घटलीस.
माझ्या काट्यावर माल घटला तर लोक चोरी म्हणतात,
ड्रायव्हरची कॉलर धरतात.
मी दिवसभर कॉलर शोधत फिरलो.

मग राजावत सिस्टर म्हणाल्या,
भैया, स्वेटर उतारो. शर्ट भी.
बाहेर चार अंश, आणि मी उघडा,
लाजत, प्लास्टिकच्या खुर्चीत.
त्यांनी तुला छातीवर पालथं ठेवलं, बेडकीसारखं,
वरून शलाकाची जुनी ओढणी गुंडाळली.
अकरा वर्षं वजनं करतोय मी,
पण मला काही लागलंच नाही.
मग रुपयाएवढी ऊब लागली.
मग एक नख.

मध्येच यंत्र ओरडलं.
सिस्टरांनी घाई न करता तुझ्या तळव्याला टिचकी मारली.
भूल जाती है, म्हणाल्या, साँस लेना भूल जाती है.
याद दिला दिया करो.

एवढंच. जसं कुणाला सांगावं,
येताना कोथिंबीर आण.

त्रेचाळीस दिवस.
पाळी संपवून सकाळी यायचो, हाताला डिझेलचा वास,
तीनदा साबण, तरी शलाका हुंगून परत धाडायची.

घरी आणलं त्या दिवशी मी रिक्षा वळवली.
शलाका म्हणाली, डोकं फिरलंय का, पोरीला वारा लागेल.
भदौरिया पाळीवर होता.
रिक्षा काट्यावर चढली, मी उतरून केबिनमध्ये गेलो.
शलाका, निमिष, रिक्षावाला, तू: चारशे सत्तर.
मग तुला भदौरियाने घेतलं,
बाजूला उभा राहिला, दोन्ही हात ताठ,
एवढा मिशीवाला माणूस, श्वास रोखून.
चारशे सत्तर.

पावतीवर निव्वळ: शून्य.
मशीन ही ख़राब है, भदौरिया म्हणाला,
जणू त्याचाच अपराध.
मी पेन काढलं, शून्य खोडलं,
अठराशे साठ लिहिलं. ग्रॅम, असंही लिहिलं.
मालाच्या रकान्यापाशी मात्र अडलो.
बारसं अजून व्हायचंय.
निमिष म्हणाला, बाबा, लिहा ना, आमची.

पावती लसीच्या कार्डात ठेवली आहे.

रात्री मला झोप येत नाही, सवयच नाही.
रस्त्यावरून जड गाड्या जातात, खिडकी थरथरते,
मी उगाच मनात अंदाज बांधतो, बावीस टन, अठरा.
मग तुझ्या दुलईत हात घालून
तळव्याला हळूच टिचकी मारतो.
तुला आता गरज नाही, डॉक्टर म्हणालेत.
तू चिडून पाय ओढून घेतेस.